एका बेक डिशचे रसग्रहण

मराठी माणूस दोन गोष्टींवर फार अधिकाराने बोलतो. जे पुस्तक त्याने लिहिलेले नाही त्यावर, आणि जो पदार्थ त्याने केलेला नाही त्यावर. पहिल्या बोलण्याला समीक्षा म्हणतात. दुसऱ्याला नावे ठेवणे म्हणतात. पहिल्याचे मानधन मिळते, दुसऱ्याचे दुसऱ्या दिवशी डब्यात मिळते.

मी एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. 'पुढील कवितेचे रसग्रहण करा' हा प्रश्न किती हजार वेळा फळ्यावर लिहिला असेल, देव जाणे. मला स्वतःला कवितेची एक ओळ कधी जुळवता आली नाही. पण दहापैकी साडेसहा कुणाला आणि सात कुणाला, हे मला नेमके कळत असे. घरीही माझे धोरण तेच. ताटात पडेल त्याचे मी रसग्रहण करीत असे. आमटीत आशय आहे पण अभिव्यक्ती कमी पडते, भरल्या वांग्यात पूर्वसूरींची छाप जाणवते, वगैरे. आमची ही शांतपणे ऐकून घेई आणि 'पोळी वाढू का?' एवढेच विचारी. चाळीस वर्षे मी समजत होतो की माझ्या टीकेत तिला गोडी वाटते.

आज ज्या पदार्थाची समीक्षा करायची आहे त्याचे नाव बेक्ड व्हेजिटेबल. थोर घराण्यात याला व्हेजिटेबल कॅसरोल म्हणतात. आमच्या गारखेड्यात हे नाव चालत नाही, कारण कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा डबा. 'दुपारी कॅसरोल खाल्ले' असे कुणाला सांगितले तर तो आधी डॉक्टरांचा नंबर देईल. म्हणून आपले 'बेक डिश' म्हणू.

या डिशची माझी पहिली ओळख १९८६ सालची. गारखेड्यात प्लॉट घेऊन, दोन खोल्या बांधून आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. घरापुढे ज्वारीचे रान होते आणि रात्री दिव्यावर येणारे किडे सोडले तर शेजार नव्हता. त्या घरात हिने भिशीच्या पैशातून एक गोल ओव्हन आणला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. अ‍ॅल्युमिनियमचा पसरट डबा, वर झाकण, झाकणाला मधोमध काचेचा गोल डोळा. आत काय चालले आहे हे त्या डोळ्यातून दिसावे अशी योजना होती. पहिल्या पाच मिनिटांत काचेवर वाफ धरायची आणि पुढचे सगळे अध्यात्मासारखे, श्रद्धेवर. त्या काळी मराठी मध्यमवर्गात ज्याच्या घरी गोल ओव्हन, त्याच्या घरी वाढदिवस. ज्यांच्याकडे नसे ते कुकरच्या तळाशी वाळू घालून, शिटी आणि रिंग काढून केक करीत. वाळूतून केक निघतो हे पाहिल्यावर कण रगडून तेल काढणाऱ्यांविषयी मला नवा आदर वाटू लागला होता.

ओव्हनबरोबर बेक डिश आलीच. पाककृती ठरलेली. फ्लॉवर, फरसबी, गाजर, मटार उकडून घ्यायचे, लोण्यावर मैदा परतून दुधात पांढरा सॉस करायचा, त्यात भाज्या बुडवायच्या, वरून चीज किसायचे आणि भाजायला ठेवायचे. चीज म्हणजे अमूलच्या डब्यातले. तो डबा फोडणे हा आमच्या घरी समारंभ असे आणि रिकामा डबा पुढे सात वर्षे मोहरीला उपयोगी पडे.

त्या वर्षी मे महिन्यात मुंबईहून माझा आतेभाऊ सहकुटुंब आला. हिने बेक डिश केली. मी पहिला घास घेतला. सर्वांचे डोळे माझ्याकडे होते. समीक्षकाला याहून काय हवे? मी म्हणालो, 'वा! पांढऱ्या सॉसमध्ये भाज्यांनी सामुदायिक जलसमाधी घेतलेली आहे.' आतेभावाला ठसका लागेपर्यंत हसू आले. वहिनी हसल्या. मुले हसली. हीसुद्धा हसली. ते वाक्य पुढे आमच्या नातेवाइकांत इतके गाजले की एका बारशाला अनोळखी माणसाने मला ते ऐकवले. माझे एवढे दुसरे कोणतेही वाङ्मय गाजलेले नाही.

त्यानंतर आमच्या घरी बेक डिश झाली नाही. ओव्हन माळ्यावर गेला. हे माझ्या लक्षात कधी आले म्हणाल, तर या वर्षी.

झाले असे, की यंदा मे महिन्यात ही न्हाणीघरात घसरली. आमच्या शहराचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले, पण नळाचा स्वभाव बदलला नाही. पैठणचे धरण जेमतेम पन्नास किलोमीटरवर, नाव नाथसागर, आणि आमच्याकडे पाणी यायचा दिवस कॅलेंडरवर एकादशीसारखा खूण करून ठेवावा लागतो. त्या दिवशी घरातले प्रत्येक भांडे भरायचे असते. शेवटची बादली उचलताना हिचा पाय सरकला आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. स्वयंपाकाची सूत्रे माझ्याकडे आली. ही खुर्ची टाकून स्वयंपाकघराच्या दारात बसू लागली. एकतीस वर्षे मी ज्या जागी बसून मुलांकडे पाहात होतो, तीच ती जागा होती.

पहिले आठ दिवस खिचडी झाली. नवव्या दिवशी पुण्याहून लेकीने फोनवर एक पाककृती पाठवली. 'बाबा, हे करा. फार सोपंय. ताज्या उन्हाळी भाज्यांचं कॅसरोल.'

आता या पाककृतीचे रसग्रहण. पहिले वाक्य होते की उन्हाळ्याची चाहूल लागली, बाजार रंगीबेरंगी कोवळ्या भाज्यांनी फुलून गेला, की हा पदार्थ अवश्य करावा. हे लिहिणाऱ्याचा उन्हाळा कोणत्या देशातला होता हे सांगायला नको. तिकडे उन्हाळा म्हणजे सुगी. आमच्याकडे पारा बेचाळीसवर आणि भाजीवाली मावशी हातगाडीवर ओले पोते टाकून, त्याखाली जे काही तग धरून असेल त्याला 'ताजं' म्हणते. दुसरे वाक्य : 'दोन मध्यम झुकिनी घ्या.' मी पिशवी घेऊन सूतगिरणी चौकात गेलो.

'मावशी, झुकिनी आहे का?'

'कंची ती?'

'काकडीसारखी दिसते. पण काकडी नाही.'

'मग दोडकं घ्या की सर. ते बी काकडी न्हाई.'

या युक्तिवादाला उत्तर नव्हते. पुढे मी शोधून पाहिले, तर मावशी शास्त्रीयदृष्ट्याही फार चुकत नव्हती. झुकिनी म्हणजे लाल भोपळ्याच्या सख्ख्या घरातली. दोडका, दुधी, काकडी, ढेमसे ही सगळी त्याच कुळातली. म्हणजे परदेशी पुस्तकातली उन्हाळी भाजी आमच्या गाडीवर पडलेली असते, फक्त तिच्याकडे पासपोर्ट नसतो. मी दुधी, दोडके, वांगी, टोमॅटो आणि कांदे घेऊन आलो.

पाककृतीचे खरे परीक्षण तिच्या मापात होते. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आले. त्याआधी लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणीमित्र'मध्ये हजार पाकक्रिया होत्याच. पण लग्न होऊन परगावी गेलेल्या, सासू जवळ नसलेल्या दोन-तीन पिढ्यांच्या मुलींना हाताशी धरले ते 'रुचिरा'ने. कारण त्यातले माप वाटीचे आणि चमच्याचे होते. वाटी प्रत्येक घरात असते. लेखिकेला वाचणारीचे स्वयंपाकघर ठाऊक होते. याउलट माझ्या हातातली पाककृती सांगत होती की एकशेऐंशी अंशांवर पस्तीस मिनिटे ठेवा. मी माळ्यावरून ओव्हन काढला. त्यावर एकही आकडा नव्हता. होती ती एक पिन, एक वायर आणि झाकणावरचा तो डोळा. चाळीस वर्षांची धूळ पुसल्यावर तो डोळा माझ्याकडे पाहू लागला.

'काय शोधायलात?' दारातून प्रश्न आला.

'अंश.'

'त्याला नसतात. हात वर धरायचा. चटका बसायच्या आत किती आकडे मोजता येतात ते बघायचं.'

चौकातल्या इलेक्ट्रिशियनने वायर बदलून दिली आणि ओव्हन पेटला. हे यंत्र बनवणाऱ्यांविषयी माझे मत एकदम उंचावले. माझ्याविषयी तसे झाले नाही.

पांढरा सॉस करताना गुठळ्या झाल्या. गुठळ्या या शब्दाने अन्याय होतो, ते पेढे होते. मी घोटत होतो. ही दारातून म्हणाली, 'मैदा लोण्यात नीट परतला नाही. कण न् कण तुपटला पाहिजे. कोरडा राहिला की दूध पडताच गोळा होतो.' नंतर वाचले ते तंतोतंत हेच. पिठाच्या कणांभोवती स्निग्धाचे आवरण बसले की ते एकमेकांना चिकटत नाहीत. या सॉसला फ्रान्समध्ये बेशामेल म्हणतात, चौदाव्या लुईच्या दरबारातल्या एका कारभाऱ्याच्या नावावरून. आपल्याकडे हाच प्रकार बेसनाचा, फोडणीचा आणि मिरचीचा झाला की त्याला पिठले म्हणतात. त्याला कोणत्याही कारभाऱ्याचे नाव नाही. पिठले करणाऱ्या बाईचे नाव कोणी विचारले नसावे.

तासाभराने मी झाकण उघडले. आत तळे होते. तळ्यात दोडके होते. वर, एखाद्या तलावावर साय धरावी तसे चीज. पुढच्या क्षणी मला एक वाक्य आठवले आणि घशाशी आले. तुम्हालाही आठवले असेल. मी ते गिळले. सामुदायिक जलसमाधी यावेळी माझ्या हातून घडली होती.

तळ्याचे कारण साधे आहे. शंभर ग्रॅम दुधीत पंच्याण्णव ग्रॅमच्या आसपास पाणीच असते. टोमॅटोचे तेच, वांग्याचे थोडे कमी. किलोभर दुधी म्हणजे लिटरभराला थोडे कमी पाणी, आकार धरून उभे राहिलेले. ज्या शहरात नळाला थेंब नाही तिथे मी हौसेने पाणी विकत आणून ओव्हनमध्ये मोकळे केले होते. आणि हे पाणी असेपर्यंत भाजी भाजत नाही, ती उकडते. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि पदार्थाला तो खमंग तांबूस रंग यायला एकशेचाळीसच्या आसपास तरी जावे लागते. बेक डिशचा मूळ दोष हाच आहे. नाव भाजण्याचे आणि काम उकडण्याचे. उकडलेल्या भाज्या पुन्हा सॉसमध्ये उकडून वर चीजची टोपी घालायची, म्हणजे आजाऱ्याच्या जेवणाला लग्नाचा फेटा बांधण्यासारखे आहे.

'दोडक्याला मीठ लावून ठेवलं होतंत का?' हिने विचारले.

'पाककृतीत नव्हतं.'

'काकडीच्या कोशिंबिरीच्या पाककृतीत तरी कुठं असतं? पिळून घेतोच की आपण.'

त्या रात्री आम्ही ते तळे आमटी म्हणून खाल्ले. हिने एक शब्द उच्चारला नाही. मला ते फार लागले. टीका झाली असती तर उत्तर देता आले असते.

मग मी अभ्यास केला. मास्तरला दुसरे काय येते? मला वाटत होते की भाजणे हा परका प्रकार आहे, म्हणून आपल्याला जमत नाही. छे! खानदेशात वांगे काट्याकुट्यांच्या जाळावर भाजतात. रायगडकडे थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा भरून, भांबुर्डीचा पाला कोंबून, भोवती जाळ करून पोपटी लावतात. आणि आमच्या शहरात तर नान-खलियातला नान भट्टीत भाजतात. सांगतात, की तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी दौलताबादेला आणली तेव्हा सैन्याच्या जेवणासाठी हा प्रकार आला. राजधानी परत गेली, भट्टी राहिली. राज्यकर्त्यांच्या निर्णयांतून टिकाऊ काय उरते, हे यावरून दिसते.

आणखी एक आठवले. लहानपणी मे महिन्यात आई रवा, मैदा, तूप, साखर मळून पत्र्याच्या डब्यात भरून द्यायची आणि आम्ही ते बेकरीवर न्यायचो. भट्टीवाले चाचा पत्र्यावर नानकटाया मांडून भाजून देत. दुपारी उन्हात रांगेत उभे राहायचे, डब्यावर आडनाव खडूने लिहिलेले असायचे. फ्रान्समध्ये बटाट्याच्या एका पदार्थाचे नावच 'बेकरीवालीचे बटाटे' असे आहे. घरी ओव्हन नसल्यामुळे बायका बटाट्यांचे भांडे गावच्या बेकरीत ठेवून येत. पाव भाजून झाले की उरलेल्या धगीवर ते शिजे. म्हणजे हा पदार्थही डब्यावर आडनाव घालून रांगेत उभा राहिलेलाच आहे. उगाच साहेबी वेष पाहून आपण घाबरतो.

सर्वांत मौज त्या वरच्या कुरकुरीत थराची. त्याला फ्रेंचमध्ये 'ग्रातँ' म्हणतात, आणि हा शब्द ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ आहे खरवडणे. एकतीस वर्षे शब्दांचे अर्थ सांगून पोट भरलेला मी उडालोच. खरवड! दूध आटवलेल्या पातेल्याची, बासुंदीच्या कढईची खरवड. जिच्यासाठी आम्ही भावंडे उलथन्याने एकमेकांना मारायचो, ती! तिकडे ती हॉटेलात रुप्याच्या ताटात येते. आमच्याकडे ती भांडे घासायला टाकणाऱ्याच्या वाट्याला येते. बहुधा आईच्या. कारण सगळे जेवून उठल्यावर भांड्यापाशी तीच असे.

दुसऱ्या रविवारी मी पाककृती बाजूला ठेवली. दुधी, दोडका आणि वांग्याच्या चकत्या केल्या, मीठ लावून तासभर निथळत ठेवल्या, फडक्यात घट्ट पिळल्या. निघालेले वाटीभर पाणी कणीक भिजवायला ठेवले, गारखेड्यात पाणी फेकणे पाप आहे. पांढऱ्या सॉसला रजा दिली. तळाशी कांदा चांगला तांबूस परतून पसरला, वर चकत्या उभ्या, एकीला एक टेकून, मध्ये टोमॅटो. लसूण, तिखट, थोडे दाण्याचे कूट. पावाचा चुरा घाला असे परदेशी रीत सांगते. आमच्याकडे कालची ज्वारीची भाकरी होती. ती चुरून, तेलात चोळून वर पसरली. झाकण अर्धा तास ठेवले आणि मग किलकिले केले, म्हणजे वाफ निघून जावी. काचेचा डोळा यावेळी स्वच्छ राहिला. आत काय चालले आहे ते प्रथमच दिसले.

पाऊण तासाने वास आला. भाकरी भाजल्याचा, लसणीचा. वर तांबूस थर, कडेला काळसर. मी ताट वाढून हिच्यापुढे ठेवले आणि समोर बसलो. ही डाव्या हाताने खाऊ लागली. एक घास, दोन घास. परीक्षेला बसलेल्या पोरांचे चेहरे मला आठवले. मी उगाच पेपर लवकर तपासायला हवे होते.

'या ओव्हनात तू नंतर काहीच का केलं नाहीस?' मी विचारले. विचारायचे नव्हते, तोंडून गेले.

ही चमच्याने भांड्याची कड खरवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'त्या दिवशी सारखी लाइट जायली होती. सकाळी नऊपासून लावलं होतं. तीनदा गार झालं, तीनदा पुन्हा तापवलं. पाणी सुटणारच की. चीजचा डबा मी दोन महिने आधी आणून लपवून ठेवला होता, मुंबईची माणसं येणार म्हणून.' थोडे थांबून म्हणाली, 'वाक्य चांगलं होतं तुमचं. मी पण हसले.'

समीक्षेच्या पुस्तकांत कलाकृतीचा आशय येतो, घाट येतो, परंपरा येते. सकाळी नऊपासून तीनदा गार झालेला ओव्हन कुठल्याच परिशिष्टात येत नाही. तो चव घेताना जिभेला लागत नाही, म्हणून मी त्याला कधी गुण दिले नाहीत. चाळीस वर्षांनी उत्तरपत्रिका फेरतपासणीला आली तर मास्तराने काय करावे? मी फक्त खरवड काढून तिच्या ताटात वाढली. सगळी.

या बेक डिशबद्दल माझा अभिप्राय असा : भाज्या आपल्या घ्याव्यात, पाणी आधी काढावे, सॉस टाळावा, वर भाकरीचा चुरा घालावा. आणि जो माणूस ओव्हनपाशी उभा राहिलेला नाही त्याने पहिल्या घासाला बोलू नये.

हिचा अभिप्राय शेवटी मी मागून घेतला. 'मीठ जरा कमीय,' ती म्हणाली. मग प्लास्टरचा हात सावरत उठली आणि दारात थांबली.

'पुढच्या रविवारी आतेभावजींना सहकुटुंब बोलवा. हीच डिश करा तुम्ही.'

'आणि तू?'

'मी पहिला घास घेईन. वाक्य सुचून ठेवलंय.'